कटिंग मशीनवर आकाशकंदील: बटण दाबण्याआधीची कामं

कॉम्प्युटरवरची नक्षी कागदातून कापून देणारं हे घरगुती मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, इथूनच सुरुवात करतो. कापताना मॅट, म्हणजे ज्यावर कागद चिकटवतो तो चिकट तक्ता, पुढे जेवढी येते तेवढीच मागेही जाते. बारा इंची मॅट असेल तर मागे फूटभर आणि पुढे फूटभर जागा मोकळी हवी. मॅट मागे भिंतीला अडली तर कागद थांबतो, पण मशीनला त्याचा पत्ता नसतो, ते आपलं मोजत पुढे जातं. मग उरलेली सगळी नक्षी तेवढ्या अंतराने सरकते. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. जाळीतले कापून सुटलेले बारीक तुकडे वाऱ्याने उडून पात्याखाली गेले की नवा कागद घ्यायचा. आणि तुमच्याकडे वीज जात असेल तर मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर लावा. मध्येच वीज गेली की आपण कुठवर आलो होतो हे मशीन विसरतं.

मी चिंचवडला एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि डाय बनवायच्या खात्यात होतो. सूनबाईने घरी रुखवत आणि मुंजीच्या आमंत्रणांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली तेव्हा हे मशीन घरात आलं. सिल्हूएट कॅमिओ ३, म्हणजे २०१६ सालचं मॉडेल. डिझाइन ती करते, कापायचं खातं माझ्याकडे. तिच्या मैत्रिणीकडे क्रिकट मेकर हे तसंच दुसऱ्या कंपनीचं मशीन आहे, त्यावरही बरंच काम केलंय, त्यामुळे खाली जे सांगतोय ते दोन्हीला लागू पडेल.

अशा कापण्याला डाय कटिंग म्हणत असले तरी यात डाय, म्हणजे कापायच्या आकाराचा साचा, नसतो. एक बारीक कार्बाइडचं पातं असतं, ते होल्डरमध्ये मोकळं फिरतं आणि त्याचं टोक मधोमध नसून किंचित बाजूला असतं. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं ढकलाल तिकडे तोंड फिरवतं, तसं हे पातं रेषेच्या दिशेने आपोआप वळतं. आम्ही ४० टनी पॉवर प्रेसवर पत्रा ब्लँक करायचो, म्हणजे एका दाबात आकार कापून काढायचो. हे मशीन सगळा जोर लावून दाबतं तो २१० ग्रॅम! त्यामुळे ‘कापत नाहीये, फोर्स वाढवा’ हा सल्ला कोणी दिला तर लगेच ऐकू नका. धार, पात्याची खोली आणि मॅटला कागद कसा चिकटलाय, हे तीन आधी बघायचे. फोर्सला हात सगळ्यात शेवटी.

पात्याची खोली

हाताने खोली लावायचं रॅचेट ब्लेड असेल तर त्यावर आकडे असतात, एक आकडा म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पातं कागदाच्या जाडीपेक्षा केसभर जास्त बाहेर आलं पाहिजे, बस. साधा ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, २२० जीएसएमचं कार्डशीट पाव मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कार्डशीटला ३ पुरतो. लोक सहा-सातवर ठेवून कापतात. कापलं जातं, नाही असं नाही, पण पातं मॅटमध्ये रुतून चालतं, वळणावर कागद ओढतं आणि कोपरे फाटतात. वर मॅटचं आयुष्य निम्मं होतं ते वेगळंच. स्वतः खोली लावणारं ऑटोब्लेड सोयीचं आहे, पण मी रॅचेटच वापरतो. मला आकडा डोळ्यांनी दिसलेला बरा वाटतो. क्रिकटच्या साध्या फाइन पॉइंट पात्याला खोली लावायची सोयच नाही, तिथे फक्त दाब बदलतो.

सॉफ्टवेअरच्या मेनूतल्या कागदांच्या नावांवर फार विसंबू नका. ही मशीनं अमेरिकन बाजारासाठी बनलेली, तिथे कागद पौंडात मोजतात. ६५ पौंडाचं कार्डस्टॉक म्हणजे आपलं १७६ जीएसएम, ८० पौंडाचं २१६, १०० पौंडाचं २७०. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार पेठेत तुम्ही २०० किंवा २२० जीएसएम मागाल, तर मेनूत ८० पौंडाचं निवडा, १०० चं नको. त्यातही एकाच जीएसएमचे दोन कागद सारखे कापले जात नाहीत. घट्ट, गुळगुळीत आयव्हरी कार्ड लोण्यासारखं नसलं तरी स्वच्छ कापलं जातं. रंगीत कार्डशीट, ज्याचा गाभा पांढरा आणि फक्त वरचा थर रंगीत असतो, ते कडेला तंतू सोडतं. कंदिलाला शक्यतो आरपार एका रंगाचं शीट घ्या, नाहीतर कापलेल्या प्रत्येक कडेवर पांढरी रेघ दिसते.

माझे कॅमिओवरचे आकडे सांगतो, पण ते तुमच्या मशीनवर सुरुवात म्हणून घ्या. २२० जीएसएम कार्डशीट: पातं ३, वेग ४, फोर्स २८, एक फेरी. बारीक जाळी असेल तर फोर्स २० आणि दोन फेऱ्या. ट्रेसिंग पेपर: पातं १, वेग ४, फोर्स १०. हातकागद १५० जीएसएमचा: पातं ३, वेग २, फोर्स १८, दोन फेऱ्या.

हातकागदावर जरा थांबतो, कारण पुण्यात तो सहज मिळतो आणि दिसतो फार सुंदर. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांपासून कागद बनवते. सुती लगद्याचे तंतू लांब असतात, आणि तीच त्याची ताकद. पण पात्याला तेच तंतू नको असतात. ते कापले जाण्याआधी ओढले जातात. म्हणून पातं नवं, वेग अगदी कमी, आणि हलक्या हाताने दोन फेऱ्या. फुलांच्या पाकळ्या किंवा गवत घातलेला हातकागद मशीनवर लावू नका. पाकळी जिथे असेल तिथे पातं उडी मारतं.

प्रत्येक नव्या कागदावर आधी चाचणी घ्यायचीच. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीसाठी चौकोन-त्रिकोण तयार असतो, पण तो सरळ रेषांचा असतो, त्यात सगळं छान दिसतं. मी कोपऱ्यात दीड सेंटिमीटरचा ‘क्ष’ कापतो. त्यात गाठ आहे, बारीक वळण आहे, तिरकी रेघ आहे, शिरोरेघेचे काटकोन आहेत. ‘क्ष’ नीट सुटला तर त्या कागदावर बाकी काहीही कापा. सुटल्यावर त्याच्याखालची मॅट बघा: नखाला जेमतेम जाणवेल असा चरा हवा. नख अडकलं तर खोली एकाने कमी करा.

पात्याला कागदाचा भुसा चिकटतो आणि मग ते बोथट झालंय असं वाटतं. ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून ब्लेड होल्डरसकट त्यात दहा-बारा वेळा टोचा. लोक म्हणतात याने धार येते. धार-बिर काही येत नाही हो, मळ निघतो, पण बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. चमकीचं ग्लिटर शीट कापायचं असेल तर त्यासाठी जुनं पातं वेगळं ठेवा. ग्लिटरवर चाललेलं पातं साध्या कागदाला पुन्हा लावायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

मॅट, आणि पावसाळा

नवी मॅट इतकी चिकट असते की पातळ कागद काढताना फाटतोच. ती जुन्या सुती सदऱ्यावर चार-पाच वेळा थापून घ्या, कपड्याचा थोडा धागा लागून चिकटपणा बेताचा होतो. क्रिकटमध्ये फिकट निळी मॅट हलक्या कागदाला आणि हिरवी कार्डशीटला असते. एकच घेणार असाल तर हिरवी घ्या आणि सदऱ्यावर थापा. मॅट मळली की कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन थेंब आणि हाताचा पंजा. घासणी नको. उभी करून वाळवा, चिकटपणा बराचसा परत येतो.

कागद मॅटवर लावताना हाताने दाबला की मध्ये हवा राहते. लाटणं फिरवा, मधून बाहेरच्या दिशेने. जाळीच्या कामात कागद एका ठिकाणी जरी उचललेला असेल तरी पातं तिथेच अडकतं.

गणपतीची कामं श्रावण-भाद्रपदात येतात, आणि कागदाचा सगळ्यात वाईट काळ तोच. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या मखरांना मागणी वाढली, म्हणजे ऐन दमट हवेत कागद कापण्याचं काम वाढलं. दमट कागद मऊ पडतो, पातं त्यातून जाताना तो दबतो आणि कडा केसाळ येतात. कार्डशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून आडवं ठेवा. उभी गुंडाळी करून तर कधीच नको. कापायचं त्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर काढा. आणि पावसाळ्यात सकाळी काम उरकायची घाई नको, दुपारी हवा जरा कोरडी होते तेव्हा बसा.

आता काढण्याची रीत. कापलेला कागद मॅटवरून उचलला की तो गुंडाळला जातो, आणि ती मुरड नंतर काही केल्या जात नाही. म्हणून मॅट पालथी करायची, कागद टेबलाकडे. मग कागद न ओढता मॅटचा एक कोपरा वर उचलून मागे वाकवत न्यायचा. कागद टेबलावर सपाट राहतो आणि मॅट त्याच्यावरून सोलली जाते. एका हाताचा पंजा कागदावर, मॅट जिथे सुटतेय त्या रेषेच्या अगदी मागे. जाळीचे कापलेले तुकडे बहुतेक मॅटवरच चिकटून राहतात, तेही फायद्याचंच, नंतर खरवडून काढता येतात. एखादा तंतू न कापता राहिला असेल तर ओढू नका. हातातल्या कटरने तेवढाच छेद द्या.

मराठी अक्षरं

इंग्रजी अक्षरं सुटी असतात, म्हणून या मशीनच्या सॉफ्टवेअरना देवनागरीची सवय नाही. बऱ्याच ठिकाणी ‘दि’ ची वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं फुटतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करायच्या नादाला लागू नका. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तिथे टाइप करा. टेक्स्ट निवडून पाथ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग अनग्रुप, मग त्याच मेनूतलं ‘युनियन’. हे युनियन विसरलं की काय होतं बघा: प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, म्हणून एक सलग शब्द दिसतो. मशीनला मात्र ती सगळी वेगळी अक्षरं. ते प्रत्येकाची पूर्ण कड कापतं आणि तुमच्या हातात अख्ख्या ‘दीपावली’ऐवजी द, प, व, ल यांचा भुगा येतो.

क्रिकटवर एसव्हीजी फाइल सरळ चढवता येते. सिल्हूएट स्टुडिओच्या फुकट आवृत्तीत एसव्हीजी उघडत नाही, तिथे इंकस्केपमधून डीएक्सएफ प्रकारची फाइल काढा. उघडल्यावर आकार मोजून घ्या, डीएक्सएफमध्ये कधी कधी माप बदलतं.

फॉन्ट जाड हवा. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. कार्डवर चिकटवायच्या मोठ्या अक्षरांना ‘मोदक’ झकास, इतका गुबगुबीत की पातं कुठे अडत नाही. फक्त त्याच्या आतल्या फटी अगदी बारीक असतात, म्हणून अक्षर ४ सेंटिमीटरहून लहान असेल तर ‘बालू’ घ्या. कॅलिग्राफीचे फॉन्ट पडद्यावर कितीही मोहात पाडोत, टोकाला अर्धा मिलिमीटर उरला की ते टोक मॅटवर राहणार.

अक्षर कापून चिकटवायचं असेल तर अनुस्वार आणि पूर्णविराम सुटे पडतात. ‘चि. सौ. कां.’ हे तीन शब्द कापून बघा म्हणजे कळेल, ठिपके शोधत फरशीवर बसावं लागतं. अनुस्वार खाली ओढून शिरोरेघेला टेकवा आणि मग युनियन करा. वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पूर्णविराम सरळ पेनने द्या.

उलट, कागदात अक्षराच्या आकाराची खिडकी पाडायची असेल तर अडचण दुसरी. ‘प’ आणि ‘व’ च्या पोटातला भाग चारी बाजूंनी बंद, तो गळून पडतो. त्याला दीड-दोन मिलिमीटरची पट्टी ठेवून बाहेरच्या कागदाशी जोडा. इंकस्केपमध्ये एक बारीक आयत त्या जागी ठेवून ‘डिफरन्स’ केलं की झालं. पट्टी उभी ठेवा. आडवी ठेवली की ‘व’ चा ‘ब’ वाटायला लागतो.

इंटरनेटवरचं चित्र ट्रेस करून घेतलं असेल तर त्यात शेकडो नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू येतात आणि मशीन थरथरत, ठेचकाळत कापतं. इंकस्केपमध्ये ‘सिम्प्लिफाय’ एकदा द्या. दोनदा दिलंत तर गणपतीची सोंड बदलायला लागते.

आता कंदील

सहा बाजूंचा, मशीनच्या मॅटवर बसेल असा. एक बाजू ९ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच. तीन बाजूंची एक पट्टी, म्हणजे २७ सेंटिमीटर, आणि चिकटवायला १.२ सेंटिमीटरची कड. एकूण २८.२, बारा इंची मॅटवर आरामात. अशा दोन पट्ट्या. २२ बाय २८ इंची फुल शीटमधून ९ बाय १२ इंचाचे पाच तुकडे निघतात, पण त्यातले तीन एका दिशेचे आणि दोन दुसऱ्या. कागदाला तंतूंची दिशा असते. तुकडा हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो तिकडे घडी घालायची. कंदिलाच्या घड्या उभ्या आहेत, म्हणजे २० सेंटिमीटरच्या बाजूला समांतर. दोन्ही पट्ट्या एकाच दिशेच्या तुकड्यांतून घ्या, नाहीतर एकीची घडी कोरीव येईल आणि दुसरीची भेगाळेल.

घडीच्या रेषा मशीनला तुटक छेद म्हणून द्या: ३ मिमी छेद, ३ मिमी मोकळं. ज्यांच्याकडे स्कोअरिंगचं, म्हणजे न कापता घडीची रेघ दाबून पाडणारं टोक आहे त्यांनी ते वापरावं, घडी जास्त देखणी येते.

जाळी काढताना घडीपासून दोन्हीकडे ८ मिमी कोरा काठ सोडा. दोन छिद्रांमधला कागद २२० जीएसएमला निदान २ मिमी, हातकागदाला ३. छिद्रांचे आतले कोपरे किंचित गोल करा. अणकुचीदार कोपऱ्यातूनच कागद फाटायला सुरुवात होते, पत्र्याचंही तसंच असतं. आणि कापण्याचा क्रम तपासा: आतली जाळी आधी, बाहेरची कड शेवटी. बाहेरची कड आधी कापली गेली तर पट्टी सुटी होते आणि जाळी कापताना हलते.

आतून लावायचा ट्रेसिंग पेपर प्रत्येक बाजूला स्वतंत्र, ८.२ बाय १९.२ सेंटिमीटर. अखंड पट्टी लावायचा मोह होतो, पण मग घडीवर तो फुगतो. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने ट्रेसिंग पेपर सुरकुततो, म्हणून दुहेरी चिकटपट्टी किंवा ग्लू स्टिक. हे सगळं पट्टी सपाट असतानाच करायचं, मग घड्या, मग दोन्ही कडा चिकटवून षटकोन. कडांना मात्र पांढरा गोंदच आणि वाळेपर्यंत कपड्याचे चिमटे.

वर-खाली आकार धरून राहायला पुठ्ठ्याचे दोन षटकोनी कडे लागतात. जाड पुठ्ठा या मशीनवर कापायचा हट्ट नको, हाताने कटर आणि स्टीलची पट्टी. झिरमिळ्यांनाही मशीन लावू नका. पतंगाच्या कागदाची गुंडाळी करून कात्रीने पट्ट्या पाडल्या की चार मिनिटांत ढीगभर होतात.

एखाद्याला पाच-दहा कंदील किंवा पन्नासेक आमंत्रणं हवी असतील तर हे मशीन योग्य. पाचशे पत्रिकांची ऑर्डर आली तर सूनबाईला मी सरळ छापखान्यात पाठवतो. तिथे लाकडी पाटात पोलादी पट्ट्या ठोकून डाय बनवतात आणि पंचिंग-क्रीजिंग, म्हणजे कापणं आणि घडीच्या रेषा पाडणं, एका दाबात होतं. पहिल्या डायचा खर्च आकड्यात मोठा दिसतो, पण पाचशेने भागून बघा. लेझरवरही कागद कापून मिळतो, फक्त फिकट रंगाच्या कागदाची कड तपकिरी होते हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं.

कंदिलात बल्ब एलईडीच, ५ किंवा ७ वॉटचा. जुना तापणारा पिवळा बल्ब कागदाच्या कंदिलात कुणीही लावू नये. होल्डर वरच्या कड्याला आडव्या काडीवर बांधा, म्हणजे बल्ब मधोमध राहतो आणि एकाच बाजूची जाळी उजळत नाही. रंग ‘वॉर्म व्हाइट’ मागून घ्या. दुकानदार न विचारता पांढरा शुभ्र देतो, आणि त्या उजेडात ट्रेसिंग पेपरमागचा बल्बच तेवढा दिसतो, जाळी दिसत नाही.